तीन कुलपांचं दार

"पाटी डावीकडे कलली आहे," मधला म्हणाला.

"तुझी मान कलली आहे," ताई म्हणाली. "पाटी मी पाणसळ लावून ठोकलीय."

कारखान्याच्या दारासमोर उभं राहून दोघं बहीणभाऊ वर पाटीकडे बघत होते, आणि दोघांच्याही मनात पाटी नव्हती. पाटीचं भांडण केव्हाच होऊन गेलं होतं. कंपनीला बाबांचं नाव द्यायचं ठरलं, तर नोंदणी कार्यालयाने कळवलं की त्या नावाची कुलपांचीच एक कंपनी आधीपासून आहे. ती बाजारात यंत्रावर कुलपं-किल्ल्या पाडणाऱ्या मशीनवाल्याची, म्हणजे बाबांच्या जन्माच्या वैऱ्याची. बाबा असते तर त्यांनी त्या कार्यालयालाच कुलूप ठोकलं असतं. मग ताईने सुचवलेलं नाव मधल्याला पटेना, मधल्याचं ताईला पटेना, आणि शेवटी कुणालाच न आवडलेलं नाव मंजूर झालं. कुणाची सरशी झाली नाही म्हणून सगळे समाधानी होते.

कंपनी करायची वेळ आली ती इस्पितळामुळे. नव्या इमारतीच्या सगळ्या दारांना यांची कुलपं बसवायला इस्पितळ तयार होतं, पण माल नोंदणी झालेल्या कंपनीकडूनच घेणार. भावंडांच्या तोंडी भागीदारीला सरकारदरबारी कोण विचारतो? अर्ज गेला, सह्या झाल्या, आता एकच पायरी उरली होती. आज कार्यालयाची तपासनीस पत्ता बघायला येणार होती. दिलेल्या पत्त्यावर खरंच काम चालतं का, बाहेर पाटी आहे का, आणि कामाच्या वेळेत दार उघडून सरकारी कागद हातात घेणारं जबाबदार माणूस तिथे असतं का, हे बघून ती जाणार होती. साधी गोष्ट होती, पण घोडं नेमकं दारातच अडलं होतं.

दाराला तीन कुलपं होती, एकाखाली एक, आणि तिघा भावंडांकडे तीन किल्ल्या. ही बाबांची करणी. बाबांनी जन्मभर लोकांना निर्धास्त झोपवलं, आणि स्वतः मात्र पोटच्या पोरांवरही भरवसा ठेवला नाही. 'विश्वास ठेवावा, पण कडी लावून,' असं ते म्हणत. वरचं कुलूप ताईचं, मधलं मधल्याचं आणि अगदी खालचं, उंबऱ्यालगतचं, धाकट्याचं. तिघं जमल्याशिवाय दार उघडायचं नाही. प्रत्येक कुलपाची एकेक खोड होती. कुठे किल्ली जरा उचलून धरायची, कुठे अर्धी फिरवून मागे आणायची. ती खोड दुसऱ्याला कळू नये म्हणून एक जण उघडत असताना बाकीच्यांनी तोंड रस्त्याकडे करायचं. 'पाठ फिरवा,' असं बाबा म्हणत, आणि ते गेल्यावर ताई म्हणू लागली. धाकटा घड्याळांच्या दुकानात नोकरीला होता. तोही रोज आधी इथे येई, उकिडवा बसून आपलं कुलूप उघडी आणि मग कामाला जाई. धाकट्याला ताप आला की कारखान्याला सुट्टी. शेजारी हसत, पण या तिघांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

आज धाकटा आला नव्हता.

"फोन उचलत नाहीये," मधला म्हणाला.

"तू केलास?"

"मग काय, नाटक करतोय का मी?"

ताईने त्याच्या हातातल्या फोनकडे बघितलं. तो नाटक करतोय, हेच तिच्या मनात होतं. अर्जात दुसऱ्या पत्त्यासाठी एक जागा होती; पहिल्या ठिकाणी तपासणी होऊ शकली नाही तर तिथे जायचं. त्या जागी मधल्याने 'सहज म्हणून' आपल्या नव्या दुकानाचा पत्ता घातला होता. काचेचं दार, आत दोन खुर्च्या आणि एक कुंडी. मधल्याचं 'सहज' ताई लहानपणापासून ओळखून होती. लहानपणी तो सहज म्हणून तिच्या ताटाजवळ बसायचा, तेव्हाही ताटातलं काहीतरी कमी व्हायचंच. आज हे दार बंद राहिलं की कंपनीचा पत्ता काचेच्या दुकानात जाणार. मग कारखान्याचं होणार गोदाम, गोदामाची होणार अडगळ, आणि त्या अडगळीत बसणार ताई. सगळी उमेदीची वर्षं तिने या दाराआड कानस चालवण्यात घातली होती. लग्नाचं विचारायला आलेले लोकही इथेच येऊन, तिच्या हाताला लागलेलं तेल बघून परत गेले होते. हे दार गेलं तर आपल्याकडे दुसरं काही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि तिच्या पोलक्याच्या आतल्या खिशात तिन्ही कुलपांच्या किल्ल्या होत्या.

ते असं झालं होतं. एकदा सकाळी तिची बारीक कानस वेगळ्याच खिळ्याला टांगलेली दिसली. तिची कानस दुसरं कुणी वापरत नसे. म्हणजे आपल्या पाठीमागे कुणीतरी आत येतं! दोघं भाऊ मिळून येत असतील, माझं कुलूप कसं उघडतात कोण जाणे, पण येतात खरे, असं तिने मनाशी ठरवलं. मग एका दुपारी मधला बाहेर गेला असताना तिने कोऱ्या किल्ल्या घेतल्या, एकेक कुलपात घालून जोर दिला, कोऱ्या पितळेवर ओरखडे कुठे उमटतात ते बघितलं आणि तेवढंच घासत गेली. कुलूपच सांगतं किल्ली कशी हवी ते, ऐकणारं कुणी पाहिजे. दोन्ही किल्ल्या झाल्या आणि त्या क्षणापासून तिला चोरासारखं वाटत राहिलं. बाबांचा फोटोही कारखान्यात नव्हता, हे एक बरं होतं.

तेवढ्यात तपासनीस बाई आल्या. खांद्याला पिशवी, चालून झिजलेल्या चपला, आणि आज आणखी बरीच दारं बघायची आहेत असा चेहरा. त्यांनी पाटी वाचली, अर्जातलं नाव ताडून बघितलं.

"पाटी ठीक. दार उघडा."

"उघडतो ना," मधला म्हणाला. "फक्त आमचा धाकटा भाऊ यायचाय."

"त्यांच्याकडे किल्ली आहे?"

"त्याच्याकडे त्याची आहे."

"आणि तुमच्याकडे?"

"माझ्याकडे माझी. ताईकडे ताईची."

बाईंनी तिन्ही कुलपांकडे बघितलं. मग या दोघांकडे. "बँक आहे का ही?"

"वडिलांची पद्धत आहे," ताई म्हणाली.

"पद्धतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नियम असा आहे की कामाच्या वेळेत कुणाही एका माणसाला हे दार उघडता आलं पाहिजे. उद्या नोटीस आली तर कागद आणणाऱ्याने तीन भावंडं गोळा करायची का? अर्जात जबाबदार व्यक्तीची जागाही तुम्ही कोरीच ठेवलीय."

"त्यावर एकमत व्हायचंय," मधला म्हणाला.

"मी ठरवून देते. जो एकट्याने हे दार उघडून दाखवील त्याचं नाव तिथे घालीन. कुणीच नाही उघडलं तर 'जागा बंद आढळली' एवढं लिहून दुसऱ्या पत्त्यावर जाईन. थोडं थांबते, पायही दुखतायत."

आणि त्या पायरीवर बसल्या. इतका वेळ मागे उभी असलेली वहिनी पुढे झाली आणि तिने त्यांना बाटलीतलं पाणी दिलं. वहिनी म्हणजे मधल्याची बायको, पण घरात सगळे, वयाने मोठी ताईसुद्धा, तिला वहिनीच म्हणत.

मधला एका बाजूला जाऊन उभा राहिला. ऊन चढलं होतं, त्याने कोट काढून वहिनीच्या हातात दिला. त्याला मनातून बरं वाटत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याचंच वाईटही वाटत होतं. दार उघडलं नाही तर तो दोष त्याचा नव्हता. तो वेळेवर आला होता, किल्ली घेऊन आला होता. धाकट्याला त्याने अडवलं नव्हतं. उलट काल ताई आणि धाकटा जिन्यात कुजबुजत होते, ते त्याने पाहिलं होतं, आणि तो दिसताच दोघं गप्प झाली होती. काहीतरी शिजत होतं. शिजू दे. नाहीतरी त्या दाराआड त्याला कधी कुणी हात लावू दिला होता? 'तू विक्री बघ,' असं बाबा म्हणाले आणि कानस ताईच्या हातात दिली. लोक त्याला 'कुलूपवाले' म्हणत आणि त्याला साधी किल्ली घासता येत नव्हती. काचेच्या दुकानात निदान सगळ्यांना सारखंच दिसलं असतं.

वहिनीने कोट हातावर घेतला आणि तो नेहमीपेक्षा जड लागला. आतल्या खिशात काय आहे हे तिला चाचपूनही बघावं लागलं नाही. शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या मागे, कितीतरी दिवस ते पडून होतं. नवऱ्याने ते आज बरोबर घेतलं होतं आणि तरी तो हाताची घडी घालून आभाळाकडे बघत होता. हे तिच्या लक्षात आलं आणि तिला संताप आला. परवा तो म्हणाला होता, 'नव्या दुकानात तेलाचं टेबल बसत नाही गं, तू आता घरी आराम कर.' कुलपांना तेल देऊन, पुसून, खोक्यात भरायचं काम ती लग्न होऊन आल्यापासून करत होती. ते टेबल तिचं होतं. त्या टेबलाशी बसून ती आणि ताई अख्ख्या जगाची उणीदुणी काढत. आणि याने ते एका वाक्यात मोडीत काढलं!

"अहो," ती म्हणाली, "बघा ना काहीतरी."

"मी काय करणार? धाकटा आला पाहिजे."

"तुम्हाला काहीच करता येण्यासारखं नाही?"

"नाही म्हटलं ना."

वहिनीने कोट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला. घेताना तो निसटला. निसटला की निसटवला, हे तिने पुढेही कधी कुणाला सांगितलं नाही. कोट फरशीवर पडला आणि आतून आवाज आला.

ताईने मान वळवली. दुसऱ्या कुणाला तो नुसता खळखळाट वाटला असता. पण ताईला किल्ल्यांचे आवाज माणसांच्या आवाजासारखे ओळखू येत. यांच्या किल्ल्या पितळी, बोदा वाजणाऱ्या. त्यांतली एक बोदी वाजली, ती मधल्याची स्वतःची. तिच्याबरोबर आणखी दोन वाजल्या, चिरक्या, पातळ, वर झिलई दिलेल्या. अशा किल्ल्या सगळ्या गावात एकच जण करायचा.

"त्या कोटात तीन किल्ल्या आहेत," ताई म्हणाली.

मधल्याने कोट उचलला. "घरच्या आहेत. कपाटाच्या."

"मशीनवाल्याकडच्या आहेत."

मधल्याचा चेहरा उतरला. वहिनी रस्त्याकडे बघायला लागली.

"केल्यास तर केल्यास," ताईचा आवाज खाली आला, आणि तिचा आवाज खाली आला की घरातली मांजरंही बाहेर जात. "पण त्याच्याकडून? बाबांच्या कुलपांचे छाप घेऊन तू त्या माणसाच्या दारात गेलास? मला सांगितलं असतंस तर मी घासून दिल्या असत्या रे!"

"तुला सांगणार होतो, की तुझ्या किल्लीची नक्कल करून दे?"

"कधी घेतलास छाप?"

"तू न्हायला गेली होतीस. साबणाच्या वडीत." तो ओशाळून म्हणाला. "धाकट्याचाही तसाच."

"म्हणजे तुझ्याकडे तिन्ही आहेत. तुला हे दार उघडता येतं. आणि तू इथे उभा राहून म्हणतोस धाकटा आला पाहिजे."

मधल्याने कोट झटकून हातावर टाकला. त्यावरून ताईला जे कळायचं ते कळलं. तिला वाटलं होतं हा डाव खेळतोय. डाव वगैरे काही नव्हता. तो फक्त दार बंद राहण्याची वाट बघत होता, आणि हे तिला जास्त लागलं. मग तिच्या मनात आलं, आणि मी? मीही तर तेच करतेय. माझ्या खिशातही तिन्ही आहेत. हा लोभापायी गप्प आहे आणि मी लाजेपायी. आणि बाई उठल्या की त्या लाजेची किंमत म्हणून मी माझं दार देऊन बसणार.

बाई उठल्याच. साडी झटकून त्यांनी पेन काढलं. "बराच वेळ थांबले मी. लिहू का बंद म्हणून?"

"नका लिहू," ताई म्हणाली. "मी उघडते."

तिने खिशातून जुडगा काढला. सवयीने 'पाठ फिरवा' तोंडाशी आलं होतं, ते तिने गिळलं. सगळ्यांच्या देखत तिने आपलं कुलूप उघडलं. मग मधल्याच्या कुलपात किल्ली घातली, उचलून धरली, फिरवली. मधला बघतच राहिला. आपल्या कुलपाची खोड त्याने आजवर बायकोलाही सांगितली नव्हती. मग ताई खाली बसली, गुडघे कुरकुरले, धाकट्याच्या कुलपात किल्ली अर्धी फिरून मागे आली, पुन्हा पुढे गेली, आणि दार करकरत उघडलं.

"अगं ताई!" मधला म्हणाला. "मला ओरडतेस आणि स्वतः?"

"हो. मीही केल्या. वापरल्या मात्र आज पहिल्यांदा." ती दाराला धरून उठली. "तू वापरल्यास?"

"एकदा प्रयत्न केला."

"मग?"

"खालचं उघडलंच नाही," मधला म्हणाला, आणि वहिनीला हसू आवरेना. "हसतेस काय? अर्धा तास उकिडवा बसलो होतो. मला वाटलं मशीनवाल्याने फसवलं. त्याच्याकडे परत घेऊन गेलो तर म्हणाला, कुलूपच बिघडलंय."

"कुलूप बिघडलंय म्हणाला?" ताईला एवढ्या सगळ्यातही ते झोंबलं. "बाबांचं कुलूप?"

बाईंना यातल्या कशाशीच कर्तव्य नव्हतं. त्या आत जाऊन आल्या, लेथ बघितली, बाक बघितला, वहिनीच्या टेबलावरून बोट फिरवलं आणि ते तेलकट झाल्यावर पदराला पुसलं. "काम चालतं इथे," त्या म्हणाल्या. "जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचं नाव घालते. हरकत आहे कुणाची?"

मधल्याने तोंड उघडलं. वहिनी म्हणाली, "नाही. कुणाची नाही." लग्नानंतर पहिल्यांदाच तिने चारचौघांत त्याच्या आधी उत्तर दिलं होतं. मधल्याने तोंड मिटलं.

नेमका त्याच वेळी धाकटा आला. तो काही लांबून आला नव्हता. कोपऱ्यावरच्या घराच्या आडोशाला तो पहिल्यापासून उभा होता, आणि दार उघडलेलं दिसल्यावरच पुढे झाला होता.

"उघडलं का?" तो म्हणाला. "सुटलो बाबा!"

"सुटलो?" ताई त्याच्यावर वळली. "कुठे होतास तू? याने तुला येऊ नको म्हणून सांगितलं का?"

"ताईनेच सांगितलं असणार," मधला म्हणाला. "काल जिन्यात काय कुजबुजत होतात?"

"मी तिला विचारत होतो, तपासणी असताना पाठ फिरवायची असते का."

"काय?"

धाकट्याने खिशातून एक तार काढली. घड्याळाची स्प्रिंग सरळ करून टोकाला वाकवलेली, इतकी बारीक की उन्हात नीट दिसेनाही. "माझी किल्ली हरवली. कधीच. कुठे पडली देवाला माहीत. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, कुणाला विकलीस? म्हणून रोज याने उघडतो. तुम्ही पाठ फिरवता, मी उकिडवा असतो, कुणाला दिसत नाही. पण आज या बाई थोड्याच पाठ फिरवणार होत्या? सरकारी माणसासमोर तारेने दार उघडलं असतं तर पत्ता बाजूलाच, मीच आत गेलो असतो."

बाईंनी तारेकडे बघितलं आणि चष्मा जरा वर सरकवला. "हे मी बघितलं नाही," त्या म्हणाल्या. मग पिशवी खांद्याला लावताना थांबल्या. "एक सांगते. दाराला एकच कुलूप ठेवा. पुन्हा कधीही येऊ शकते मी." आणि त्या गेल्या.

"म्हणजे या तारेने माझंही उघडतं?" मधल्याने विचारलं.

"कुणाचंही."

"आणि तू कधी आत येत होतास?" ताई सावकाश म्हणाली.

"दोन-चारदा आलो. नवी किल्ली करून बघत होतो. तुझी ती बारीक कानस घेतली होती. जमलं नाही. आपला हात घड्याळाचा."

ताई मटकन बाकावर बसली. ती कानस! त्या एका कानशीवरून तिने दोघा भावांना मनात चोर ठरवलं होतं, त्यांच्या हातचं पाणी पितानाही ग्लासात बघितलं होतं, आणि स्वतः चोरून किल्ल्या घासल्या होत्या. धाकट्याचं बोलणं खरं वाटत होतं. पण याच हाताने हा रोज तिच्या पाठीमागे तार चालवत होता, हेही खरंच होतं. कशावर विश्वास ठेवायचा ते तिला कळेना. रडावं की याच्या कानाखाली द्यावी, तेही कळेना.

"टांगताना खिळा तरी नीट बघायचास रे," ती एवढंच म्हणाली.

मग ती उठली आणि स्क्रू काढायला लागली. मधल्याला वाटलं होतं ती स्वतःचं कुलूप ठेवणार. धाकट्यालाही तसंच वाटलं. तिने आधी आपलंच काढलं. मग मधल्याचं. दोन्ही वहिनीच्या टेबलावर ठेवली. दारात फक्त खालचं राहिलं, ज्याची मूळ किल्ली आता कुणाकडेच नव्हती.

"बाकीच्या सगळ्या किल्ल्या इकडे," ती म्हणाली. मधल्याने आपला चिरका जुडगा दिला. तिने स्वतःचा काढला. धाकट्याने तारही ठेवली. त्याच्याकडे आणखी एखादी तार असणार, हे सगळ्यांना माहीत होतं. एकाच कुलपाची प्रत्येकाला एक नवी किल्ली, म्हणून कोऱ्या पितळी पट्ट्या घेऊन ताईने पहिली बाकावरच्या व्हाइसच्या पकडीत अडकवली आणि भिंतीवरून बारीक कानस काढली.

"पाठ फिरवा," ती सवयीने म्हणाली.

कुणी फिरवली नाही. मधला टेबलाला टेकून ताईचे हात बघत होता, धाकटा मधल्याचे, आणि वहिनी तिघांकडे बघत टेबलावरच्या पट्ट्या मोजत होती. ताईने एकदा सगळ्यांकडे बघितलं, व्हाइस थोडा उजेडाकडे वळवला आणि सगळ्यांना नीट दिसेल अशा बेताने, सावकाश घासायला लागली.